आपली मुले कारखान्यात जातात. कारखाना चालवायला केव्हा शिकणार?

खांडबारा हे नवापूर तालुक्यातले गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे. सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत आमच्या भागातली तरुण मुले बॅगा घेऊन चढतात. उधना, पांडेसरा, सचिन या औद्योगिक वसाहतींत त्यांना काम मिळते. कुणी कापडाच्या मिलमध्ये, कुणी डाईंगमध्ये, कुणी लेथच्या शेडमध्ये. घरी निरोप येतो आणि आई शेजारणीला सांगते, "पोऱ्या कंपनीमा लागना." पेढे वाटले जातात. ती कष्टाची भाकरी आहे आणि तिचा आम्हांला अभिमानच आहे.

परंतु समाजबंधू आणि भगिनींनो, एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आपला मुलगा कंपनीत लागला म्हणजे नेमका कुठे लागला? तो मशीनजवळ उभा आहे. पण ते मशीन तिथेच का ठेवले, एका पाळीत किती माल निघाला पाहिजे, त्यासाठी माणसे किती लागतील, माल खराब का होतो, हात कापला जाऊ नये म्हणून काय बसवायचे, हे सारे ठरवणारी एक खोली त्याच कारखान्यात असते. त्या खोलीत आपल्या वस्तीतला कोणी बसतो का?

त्या खोलीत बसणाऱ्यांना हे ज्ञान जन्मतः मिळालेले नसते. त्याचे रीतसर शास्त्र आहे. ते तंत्रनिकेतनात, अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकवले जाते. कुठे त्याला उत्पादन अभियांत्रिकी म्हणतात, कुठे औद्योगिक अभियांत्रिकी, कुठे औद्योगिक तंत्रज्ञान, तर कुठे उत्पादन व्यवस्थापन. आपल्या घरांत डॉक्टर, वकील, मास्तर, कलेक्टर हे शब्द सर्वांना पाठ आहेत. हा शब्द मात्र फारसा पोहोचलेला नाही. म्हणून आज त्याच्याविषयी लिहीत आहोत.

हे शास्त्र म्हणजे काय?

पुस्तकी व्याख्या बाजूला ठेवू आणि आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे. ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती पथारीवर वाळवतात, बाया देठ खुडतात, मालाची निवड होते, पोती भरतात आणि माल मसाल्याच्या कारखान्यांकडे जातो. पथारीवर काम केलेल्या आपल्या कितीतरी माता-भगिनी आहेत. त्यांना विचारा, दिवसभरात सर्वांत जास्त काय दुखते? त्या सांगतील, कंबर आणि पाय. आणि डोळ्यांची आग.

आता समजा, वाळलेल्या मिरचीचा ढीग आणि निवडीची जागा यांत चाळीस पावलांचे अंतर आहे. एक बाई दिवसातून दीडशे वेळा घमेले घेऊन जाते आणि रिकामे घेऊन येते. म्हणजे तिची चाल झाली बारा हजार पावले. कोणी नीट विचार करून ढिगाची जागा बदलली आणि अंतर पंधरा पावलांवर आणले, तर तीच खेप साडेचार हजार पावलांत होते. साडेसात हजार पावले वाचली. नवे मशीन नाही, भांडवल नाही. फक्त जागेची मांडणी बदलली. मांडणीचा हा अभ्यास या शिक्षणातला एक स्वतंत्र विषय आहे.

दुसरे उदाहरण साखर कारखान्याचे. आपल्या तालुक्यात डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे, आणि बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आपण दरवर्षी पाहतो. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, नाहीतर वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी होतो. म्हणजे कोणत्या शेतात कोणत्या दिवशी तोड, किती गाड्या, गव्हाणीत ऊस किती वाजता पडणार, कोणता रोलर केव्हा दुरुस्तीला घ्यायचा, हे सगळे एकमेकांना जोडलेले असते. एक कडी निसटली की गाड्यांची रांग लागते. शेतकऱ्याचे वजन जाते, टोळीची खेप बुडते आणि बैल उपाशी उभे राहतात. ही साखळी आखणे म्हणजे उत्पादनाचे नियोजन. तोही एक विषय.

याच्या जोडीला मापन व दर्जा तपासणी, संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे, देखभाल, साठ्याचा हिशेब, सुरक्षितता, कामगार कायदे आणि माणसाच्या शरीराला झेपेल अशी कामाची रचना, असे विषय असतात. उत्पादनखर्चही असतो. आम्ही स्वतः बी.कॉम. आहोत, कारकुनी करतो. खर्चाचा ताळेबंद आम्ही कागदावर मांडू शकतो. पण एक नग खराब निघाला तर त्यात पोलाद किती गेले, वीज किती गेली आणि कामगाराची किती मिनिटे गेली, हे शेडमध्ये उभे राहून सांगणारा माणूस या शिक्षणातून तयार होतो. यंत्र आणि हिशेब या दोन्हींची भाषा ज्याला येते, त्याचे म्हणणे मालकालाही ऐकावे लागते.

घड्याळ कोणाच्या हाती?

या शास्त्राला दोन तोंडे आहेत, हेही कामगार कुटुंबांनी ओळखून असावे. वर सांगितलेली साडेसात हजार पावले वाचली, ती कोणाच्या पदरात पडली? मालक म्हणू शकतो, "आता दीडशेऐवजी तीनशे खेपा टाका." किंवा असेही ठरू शकते की खेपा थोड्या वाढतील, दर वाढेल आणि दुपारी सावलीत अर्धा तास विश्रांती मिळेल. गणित एकच. निर्णय वेगळा.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. हाती घड्याळ घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजण्याची पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्र कारखान्यात साचे बनवणाऱ्या कामगारांनी या घड्याळाविरुद्ध काम बंद केले. आपल्या अंगातला शेवटचा थेंबही पिळून काढण्यासाठी हे घड्याळ आले आहे, अशी त्यांची धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती.

पण त्याच काळात फ्रँक गिलब्रेथ या गवंडीकामातून वर आलेल्या माणसाने वीट रचताना होणाऱ्या अठरा हालचाली कमी करून साधारण पाचांवर आणल्या. त्याने विटा वाकून उचलाव्या लागू नयेत म्हणून कमरेइतक्या उंचीवर ठेवायला लावल्या. त्याची पत्नी लिलियन ही बारा मुलांची आई. १९२४ साली पती वारल्यावर तिने हेच काम एकटीने पुढे नेले, बायकांची ओढाताण कमी व्हावी म्हणून स्वयंपाकघराच्या मांडणीचा अभ्यास केला आणि १९३५ साली ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली. "हे पुरुषांचे शिक्षण" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे जपानमध्ये टोयोटा मोटार कारखान्यात ताइची ओनो या अभियंत्याने जी पद्धत बसवली, तिच्यात साध्या कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढून पूर्ण लाइन थांबवण्याची मुभा आहे. मालाचा दोष सर्वांत आधी हात लावणाऱ्याला कळतो, हे त्या पद्धतीने मान्य केले.

म्हणून आम्ही म्हणतो, घड्याळ वाईट नाही. ते कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून आहे. ज्याच्या आईने पथारीवर घमेली वाहिली, त्याच्या हाती ते आले तर तो मिनिटांबरोबर कंबरही मोजेल.

बंद दरवाजांचा इतिहास

हे आपल्याला उशिरा का सुचते आहे? कारण हा दरवाजा आपल्यासाठी मुद्दाम बंद ठेवलेला होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. पण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. ते कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडत. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि सर्व खाती सर्वांना खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी रेल्वेतल्या आपल्या माणसाची स्थिती सांगितली. गँगमन म्हणून लागलेला गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो, वरच्या जागा त्याच्यासाठी नसतात. रूळ ज्याने उचलून धरला, त्याला वर्कशॉपमध्ये कारागीर म्हणून जागा नाही. खांडबाऱ्यासारख्या रेल्वेच्या गावात हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मदत मागितली. त्याचबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे असे सुचवले. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, असा त्यांचा रोख होता. स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने हे म्हणावे, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ साली कारखान्यातला आठवडा चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला.

वाट कशी आहे?

अनेक पालकांची समजूत अशी की बारावी सायन्स केले नाही म्हणजे इंजिनिअरिंग संपले. ही समजूत चुकीची आहे. वाटा तीन आहेत.

पहिली, दहावी, मग बारावी सायन्स, मग सीईटी आणि चार वर्षांची पदवी. दहावीनंतर एकूण सहा वर्षे.

दुसरी, दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पदविका झाली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे आणखी तीन वर्षे. याही वाटेने एकूण सहा.

तिसरी वाट आपल्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाची. दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट असा दोन वर्षांचा आय.टी.आय. त्यानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तिथे दोन वर्षे. मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथे तीन वर्षे. एकूण सात. म्हणजे आय.टी.आय.च्या वाटेने गेलेला मुलगा फक्त एक वर्ष मागे राहतो. त्या एका वर्षाच्या बदल्यात त्याच्या हाती कानस, मायक्रोमीटर आणि लेथ यांची सवय असते आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर कमावता येईल असे प्रमाणपत्र असते. घरी अडचण आली तर थांबता येते, नोकरी करता येते आणि पुन्हा पुढे जाता येते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे; त्याखाली उमेदवारी करताना विद्यावेतनही मिळते.

शासकीय तंत्रनिकेतन नंदुरबारला आहे, धुळ्याला आहे, जळगावला आहे. तिथे मेकॅनिकल शाखा घेणाऱ्याला पुढे उत्पादनाकडे वळता येते. दहावीनंतर टूल अँड डाय शिकायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम आहे. पुण्याचे १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. उत्पादनशास्त्राचे शिक्षण तिथे फार जुने आहे. महाडजवळ लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेल्या तंत्रज्ञान विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे आणि खानदेशातली काही अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. १९६३ साली मुंबईत पवईला औद्योगिक अभियांत्रिकीसाठीच काढलेली राष्ट्रीय संस्था २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई या नावाने चालते. पदवीनंतर तिथे जाण्याचे स्वप्न आपल्या मुलांनीही पाहावे.

कागद आधी, अर्ज नंतर

कारकुनाच्या अनुभवाचे चार शब्द. गुण असून कागदांपायी मुले मागे राहिलेली आम्ही पाहिली आहेत. जातीचा दाखला आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र दहावीतच तयार करायला घ्यावे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा शोधावा लागतो. खांडबाऱ्यात, नवापुरात राहणारी आपली कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी जळगाव, धुळ्याकडून आलेली आहेत. त्यांचा पुरावा मूळ गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडेल. आजोबांचे नाव कोणत्या शाळेत होते, हे वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. बौद्ध झाल्यावरही सवलती मिळाव्यात यासाठी १९९० साली केंद्राने कायदा केला. दाखल्यावर धर्म आणि पूर्वीची जात यांची नोंद नियमाप्रमाणे आहे ना, हे तपासून घ्यावे.

दुसरे, प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्यावा. दलालाच्या मध्यस्थीने व्यवस्थापन कोट्यात पैसे भरून घेतलेल्या जागेला शिष्यवृत्ती आणि फीची सवलत मिळत नाही, हे बऱ्याच जणांना पैसे गेल्यावर कळते. वसतिगृह मिळाले नाही तर २०१६-१७ पासूनची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा आणि तारखा त्या वर्षीच्या नियमात पाहाव्या.

घरातले प्रश्न

एक मुलगी आमच्याकडे आली होती. दहावीला गणितात चांगले गुण. वडील रेल्वेत लाइनवर. तिला मेकॅनिकलला जायचे होते. नातेवाईक म्हणाले, नर्सिंग कर, पोरीच्या जातीला मशीन कशाला? वडिलांना काळजी वसतिगृहाची. आम्ही त्यांना म्हटले, "दादा, तुम्ही एकदा तिच्याबरोबर जाऊन वर्कशॉप आणि वसतिगृह दोन्ही पाहून या. मग नाही म्हणा." ते गेले. परत आल्यावर त्यांनी एकच विचारले, "ताईंना तिथं ड्रॉइंगचं सामान काय लागतं?" आज ती पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढचे अजून व्हायचे आहे; गणिताचा एक पेपर राहिला आहे आणि तो सोडवण्यासाठी ती झटत आहे.

आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. पदवी मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी नोकरी, असे नाही. कंत्राटी पद्धत इंजिनिअरलाही सोडत नाही. मोठे कारखाने पुणे, नाशिक, संभाजीनगर, सुरत इकडे आहेत, म्हणजे घर सोडावे लागेल. सर्वच महाविद्यालयांत वर्कशॉप चालू स्थितीत असते असेही नाही, म्हणून प्रवेशाआधी जाऊन पाहावे. मशीनवर धूळ आहे की तेल, एवढे पाहिले तरी बरेच कळते. पहिल्या वर्षी गणित आणि इंग्रजी आपल्या मुलांना जड जाते. तिथे नापास झाला म्हणून "तुझ्याच्यानं होणार नाही" असे घरच्यांनी म्हणू नये. तो शब्द आपल्या पिढ्यांनी परक्यांकडून पुष्कळ ऐकला आहे. तो घरातून येऊ नये.

आणि जो मुलगा आज सुरतेच्या शेडमध्ये उभा आहे, त्याचे वय तेवीस-चोवीस असेल, ट्रंकेत आय.टी.आय.चे प्रमाणपत्र असेल, तर त्याच्यासाठी अजून उशीर झालेला नाही. हे त्याला कोणी सांगितलेले नसण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून वाचकांना एकच विनंती. येत्या रविवारी आपल्या वस्तीत एक वही घेऊन फिरा. दहावीला कोण आहे, आय.टी.आय. कोण करतो आहे, ते करून कोण थांबला आहे, अशी नावे लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे जातीचा दाखला आहे की नाही आणि पडताळणी झाली की नाही, याची खूण करा. पदविकेच्या प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर सुटतात. त्याआधी ती वही पुरी झालेली असावी. ज्यांना अर्ज भरता येतो त्यांनी संध्याकाळचे दोन तास द्यावेत. आमचे दोन तास आम्ही देतोच आहोत.